अतिवाहक अँप्लिफायर आणि क्वांटम डिटेक्टरचं रीडआउट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अतिवाहक अँप्लिफायरनं क्वांटम डिटेक्टरचा अतिक्षीण मायक्रोवेव्ह सिग्नल मोठा करून वाचण्याबद्दलचे (रीडआउटचे) हे प्रश्न इंदूरमधल्या एमएस्सी-पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडून आणि लो-टेम्परेचरच्या कामात नव्यानं उतरलेल्या इंजिनिअरांकडून सतत येतात. जिथे आकडा फ्रिक्वेन्सीवर अवलंबून आहे, तिथे ५ गिगाहर्ट्झ धरलेत. तुमची फ्रिक्वेन्सी वेगळी असेल तर एवढं लक्षात ठेवा : दर गिगाहर्ट्झला एका फोटॉनची ऊर्जा तापमानाच्या भाषेत ०.०४८ केल्विन.

चार केल्विनवर बसणारा चांगला हेम्ट अँप्लिफायर आहे. त्याच्या आधी आणखी एक कशाला?

हेम्ट (कमी नॉइजचा ट्रान्झिस्टर अँप्लिफायर) ही गुणी वस्तू आहे. ४ ते ८ गिगाहर्ट्झमध्ये ३५-४० डेसिबल गेन, नॉइज तापमान २ ते ४ केल्विन, आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो. अडचण कळते ती हिशोब फोटॉनमध्ये मांडल्यावर. ५ गिगाहर्ट्झचा एक फोटॉन म्हणजे ०.२४ केल्विन. म्हणजे २.४ केल्विनचा हेम्ट स्वतःच दहा फोटॉनएवढं नॉइज घालतो, आणि त्याच्या आधीच्या केबल आणि सर्क्युलेटर (सिग्नलला एकाच दिशेनं पुढे जाऊ देणारा भाग) यांमधली घट धरली की तो आकडा पंधरा-वीसवर जातो. तुमचा सिग्नलच एक-दोन फोटॉनचा असेल तर तो त्यात बुडून जातो.

साखळीतल्या पहिल्या अँप्लिफायरनंतर जे जे येतं, त्याचं नॉइज पहिल्याच्या गेननं भागलं जातं. पुढे २० डेसिबल, म्हणजे शंभर पट गेनचा शांत अँप्लिफायर बसवला की मागचे वीस फोटॉन ०.२ होतात. पुढच्या अँप्लिफायरचा स्वतःचा साधारण एक फोटॉन धरून वीसवरून १.२ फोटॉनवर आलात की ठरावीक टोन मोजायला लागणारा वेळ सुमारे सतरा पट कमी होतो. अॅक्सिऑनच्या (डार्क मॅटरचा संभाव्य कण) शोधात सिग्नलची फ्रिक्वेन्सीच माहीत नसते, तिथे स्कॅनचा वेळ नॉइजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तिथे हा फरक वर्षं आणि दिवस इतका असतो.

अर्ध्या फोटॉनची मर्यादा म्हणजे काय? ती ओलांडता येते का?

तापमान कितीही खाली नेलं तरी निर्वाताचं अर्ध्या फोटॉनएवढं नॉइज सिग्नलसोबत येतंच. जो अँप्लिफायर सिग्नलचे दोन्ही घटक (साइन आणि कोसाइन) सारखेच मोठे करतो, त्याला स्वतःचं किमान अर्धा फोटॉन नॉइज घालावंच लागतं. नाहीतर दोन्ही घटक एकाच वेळी अचूक मोजल्यासारखं होईल, आणि ते क्वांटम यांत्रिकी होऊ देत नाही. हाउस आणि मलेन यांनी हे १९६२ मध्ये मांडलं, केव्ह्ज यांनी १९८२ मध्ये नीट सिद्ध केलं. एकूण झालं एक फोटॉन, म्हणजे ०.२४ केल्विन.

एकच घटक मोठा करायचा आणि दुसरा दाबायचा असं ठरवलं तर ही अट लागू होत नाही. येलच्या हेस्टॅक प्रयोगानं २०२१ मध्ये दाबलेलं म्हणजे स्क्वीझ केलेलं नॉइज वापरून अॅक्सिऑनचा शोध जवळपास दुप्पट वेगानं केला. पण आधी साध्या पद्धतीनं एक फोटॉनच्या जवळ पोहोचा. बहुतेक ठिकाणी तिथेच दोन-तीन फोटॉनचं नुकसान पडून असतं.

हा अँप्लिफायर ट्रान्झिस्टरशिवाय काम कसं करतो?

नागपंचमीच्या झोक्यावर उभी राहून झोका चढवणारी पोर आठवा. तिला कोणी ढकलत नाही. टोकाला गेली की ती गुडघे वाकवते, मधून जाताना ताठ उभी राहते. एका पूर्ण हेलकाव्यात ती मधून दोनदा जाते, म्हणजे हालचाल झोक्याच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीनं होते आणि तिची ताकद झोक्यात उतरते. झोका मुळातच थोडा हलत असावा लागतो; तो थोडा म्हणजे तुमचा सिग्नल. आणि वेळ चुकली, मधे वाकून टोकाला उभी राहिली, तर तोच झोका मंदावतो. एक घटक वाढतो आणि दुसरा दबतो, तो असाच.

सर्किटमध्ये झोक्याच्या दोरीच्या लांबीची जागा इंडक्टन्स घेतो. जोसेफसन जंक्शन म्हणजे दोन अतिवाहकांमधला एखाद-दोन नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर. तो असा इंडक्टर आहे की त्यातून जाणाऱ्या करंटवर त्याचा इंडक्टन्स बदलतो. क्रिटिकल करंट (जंक्शन अतिवाहक राहतं तोवरचा कमाल करंट) १ मायक्रोअँपिअर असेल तर इंडक्टन्स ०.३३ नॅनोहेन्री. दोन जंक्शनांची कडी केली की ती झाली स्क्विड. तिच्यातला चुंबकीय फ्लक्स हलवला की इंडक्टन्स हलतो. १० गिगाहर्ट्झच्या पंपानं, म्हणजे ताकद पुरवणाऱ्या टोननं, तो हलवा. पंपाचा एक फोटॉन फुटून एक सिग्नलचा आणि एक आयडलरचा (सिग्नलच्या जोडीदाराचा) होतो, दोन्ही ५ च्या आसपास. करंटनं पंप केलात तर पंपाचे दोन फोटॉन जातात आणि पंप सिग्नलच्याच शेजारी बसतो.

अतिवाहकच का, याचं उत्तर सरळ आहे : रोध नाही, म्हणून रोधाचं उष्ण नॉइजही नाही. अॅल्युमिनियमच्या कूपर जोड्या (अतिवाहकतेला कारण असणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या) फोडायला सुमारे ८८ गिगाहर्ट्झ लागतात, ५ गिगाहर्ट्झचा फोटॉन त्यांचं काही बिघडवत नाही. अट एकच, की तापमान १.२ केल्विनच्या बरंच खाली हवं. अशा सर्किटमधल्या मोठ्या-दिसणाऱ्या क्वांटम वागणुकीच्या प्रयोगांसाठी क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांना २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रकार किती, आणि कोणता घ्यावा?

जेपीए (जोसेफसन पॅरामेट्रिक अँप्लिफायर) हा रेझोनेटरवाला, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीलाच गुंजणाऱ्या सर्किटचा. सिग्नल आत जाऊन परावर्तित होऊन मोठा बाहेर येतो, म्हणून सर्क्युलेटर हवाच. गेन वाढवला की बँडविड्थ आकसते : गेनचं वर्गमूळ आणि बँडविड्थ यांचा गुणाकार जवळपास कायम राहतो. साध्या जेपीएला २० डेसिबलला दहांच्या घरातले मेगाहर्ट्झ मिळतात. इंपीडन्स नीट घडवला तर हा नियम वाकवता येतो. मुंबईच्या टीआयएफआरमधल्या गटानं २०१५ मध्ये ६४० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात जवळपास सपाट २० डेसिबल दाखवले, -११० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेतले डेसिबल) कॉम्प्रेशन पॉइंटसह, म्हणजे सिग्नल तिथपर्यंत वाढला की गेन उतरू लागतो. आपल्याकडे घडलेलं हे काम प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवं.

टीडब्ल्यूपीएमध्ये (ट्रॅव्हलिंग-वेव्ह पॅरामेट्रिक अँप्लिफायर) रेझोनेटर नसतो. हजार-दोन हजार जंक्शनांच्या माळेतून सिग्नल आणि पंप बरोबर चालत जातात आणि वाटेत सिग्नल वाढत जातो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा माळेत २०३७ जंक्शनं होती, ३ गिगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात २० डेसिबल गेन आणि -९९ डीबीएमचा कॉम्प्रेशन पॉइंट. अनेक क्यूबिट (क्वांटम कॉम्प्युटरचे बिट) किंवा अनेक रेझोनेटर एकाच केबलवर असतील तर हाच. पण पंप बंद असताना याच्या आत दोन-चार डेसिबल घट असते, ती हिशोबात धरावीच लागते.

कायनेटिक इंडक्टन्सवाला (इलेक्ट्रॉनांच्या जडत्वातून येणारा इंडक्टन्स वापरणारा) टीडब्ल्यूपीए निओबियम टायटॅनियम नायट्राइडच्या बारीक लांब तारेचा असतो, जंक्शन नाहीत. -६० डीबीएमच्या आसपासपर्यंतचा सिग्नल झेलतो. मोबदला म्हणून पंप हजारपट तगडा लागतो आणि ती उष्णता फ्रिजला सोसावी लागते.

साधा डीसी स्क्विड अँप्लिफायर मेगाहर्ट्झ आणि त्याखालच्या कामाला. त्याच्याबद्दल पुढच्या उत्तरात.

पहिल्यांदाच करणाऱ्यांनी जेपीएनं सुरुवात करावी असं आमचं ठाम मत आहे. नॉब कमी, चूक कुठे झाली ते लगेच कळतं.

माझ्या डिटेक्टरला याची खरंच गरज आहे का?

खरेदीच्या आधी विचारण्याजोगा हाच प्रश्न आहे, आणि कित्येकदा उत्तर "नाही" असतं.

एसएनएसपीडी, म्हणजे एक-एक फोटॉन मोजणारी नॅनोवायर : १० मायक्रोअँपिअर बायस ५० ओहममध्ये वळला की अर्धा मिलिव्होल्टचा पल्स येतो. याला थंड सिलिकॉन-जर्मेनियम अँप्लिफायर भरपूर झाला.

टीईएस (अतिवाहकतेच्या उंबरठ्यावर ठेवलेला, तापमानाला संवेदनशील डिटेक्टर) : रोध ओहमच्या अंशात, सिग्नल करंटचा आणि मंद. त्याला स्क्विड हवा, जेपीए नको. शेकडो टीईएस मायक्रोवेव्ह स्क्विड मल्टिप्लेक्सरनं एका केबलवर घेतले तरी सहसा स्क्विडचं नॉइज वरचढ असतं आणि हेम्ट पुरतो.

एमकेआयडी (फोटॉन पडला की रेझोनन्स सरकणारा अतिवाहक रेझोनेटर) : इथे घाई करू नका. रेझोनन्सवर टोन ठेवून नॉइज मोजा, मग टोन रेझोनन्सच्या बऱ्याच बाहेर नेऊन पुन्हा मोजा. फ्रिक्वेन्सीच्या दिशेचं नॉइज रेझोनन्सवर खूप वर आणि बाहेर खाली असेल, तर ते डायइलेक्ट्रिकमधल्या टू-लेव्हल दोषांचं नॉइज आहे. अँप्लिफायर बदलून त्या दिशेला एक पैचा फायदा नाही. दोन्ही सारखे असतील तर अँप्लिफायरच आडवा येतोय आणि पॅरामेट्रिक अँप्लिफायर कामाचा आहे. अर्ध्या दिवसाचं हे मोजमाप काही लाखांची खरेदी ठरवतं.

क्यूबिट आणि अॅक्सिऑन कॅव्हिटी : हो, गरज आहे. अॅक्सिऑन कॅव्हिटीत अपेक्षित सिग्नल १० चा उणे २३ वा घात इतक्या वॅटचा असतो.

इंदूरमध्ये हे उभं करायचं तर जागेवर काय तयारी लागते?

'सुपरकंडक्टिंग' म्हटलं की इंदूरकराला कॅट आठवतं (इथलं अणुऊर्जा विभागाचं संशोधन केंद्र; आरआरकॅट नाव होऊन इतकी वर्षं झाली तरी तोंडात कॅटच), तिथल्या निओबियमच्या कॅव्हिटी. त्या २ केल्विनवर चालतात आणि काम वेगळं आहे. इथे १०-२० मिलिकेल्विनचा डायल्यूशन फ्रिज (हेलियम-३ आणि ४ च्या मिश्रणावर चालणारा) लागतो. चिप किंवा फिल्म नुसती तपासायची असेल, टीसी (अतिवाहक होण्याचं तापमान) किंवा रोध मोजायचा असेल, तर एवढ्या खाली जायची गरज नाही. खंडवा रोडवरच्या यूजीसी-डीएई सीएसआर या संशोधन केंद्रात विद्यापीठांतल्या संशोधकांना प्रस्ताव देऊन कमी तापमानाची मोजमापं करता येतात. आधी तिथे फिल्म पारखून घ्यावी.

फ्रिज बसवताना सगळ्यांत जास्त दुर्लक्ष पाण्याकडे होतं. पल्स ट्यूबचा (फ्रिजला आधी चार केल्विनच्या आसपास नेणारा कूलर) कंप्रेसर आठ-दहा किलोवॅट खातो आणि ती सगळी उष्णता पाण्यानं न्यायची असते : मिनिटाला साधारण ७ ते १० लिटर, २५ अंशांच्या आतलं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थेट दिलंत तर कंप्रेसर दुपारी ट्रिप होणारच. बंद वळशाचा चिलर घ्या आणि त्यात डीमिनरलाइज्ड पाणी भरा. बोअरवेलचं जड पाणी घातलं तर हीट एक्स्चेंजरमध्ये क्षार बसतो. प्रवाह हळूहळू घटतो, तेलाचं तापमान चढतं, आणि दोष चिलरवर ढकलला जातो.

वीज. पावसाळ्यात वादळी संध्याकाळी एक झटका आला तरी कंप्रेसर थांबतो. यूपीएसवर तीन फेजचा कंप्रेसर सहसा घेत नाहीत, पण गॅस हँडलिंगचं पॅनेल, व्हॉल्व्ह, प्रेशर गेज आणि कंट्रोल कॉम्प्युटर यूपीएसवरच हवेत. पल्स ट्यूब थांबली की फ्रिज तापू लागतो, हेलियम-३ आणि ४ चं मिश्रण उकळून प्रेशर चढतं, आणि ते टाकीत परत जायचा रस्ता उघडा असावा लागतो. हेलियम-३ गेला तर विकत घ्यायला जो पैसा लागतो त्यात प्रयोगशाळेचं वर्षाचं बजेट संपतं.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये फ्रिज खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. आतली ताटली, म्हणजे ज्यावर भाग बसवतात तो धातूचा थर, जरा थंड असली तरी दमट हवेचं पाणी कनेक्टरांत जातं आणि पुढच्या कूलडाउनला बर्फ.

केबल, अटेन्यूएटर, सर्क्युलेटर : कुठे किती?

खोलीच्या तापमानाला ५ गिगाहर्ट्झवर केबलमध्ये साधारण १२५० उष्ण फोटॉन असतात. ते अडवायला आत जाणाऱ्या लाइनवर ४ केल्विनला २० डेसिबल, १०० मिलिकेल्विनच्या ताटलीवर २० आणि मिक्सिंग चेंबरवर (सगळ्यांत थंड जागा) २०, असे ६० डेसिबलचे अटेन्यूएटर (शक्ती कमी करणारे भाग) लावा. मग वरचे १२५० हजारांश फोटॉनवर येतात. चार केल्विनच्या अटेन्यूएटरचे स्वतःचे सतराएक फोटॉन पुढच्या ४० डेसिबलनं मरतात. सगळे ६० एकाच जागी लावणं ही चूक बऱ्याचदा दिसते. मग उष्णतेचा सगळा भार खालच्या ताटलीवर येतो.

बाहेर येणाऱ्या लाइनवर डिटेक्टर, मग सर्क्युलेटर, अँप्लिफायर, मग दोन आयसोलेटर, तिथून ४ केल्विनपर्यंत निओबियम-टायटॅनियमची केबल आणि मग हेम्ट. दोन आयसोलेटर यासाठी की हेम्ट मागच्या दिशेलाही चार केल्विनचं नॉइज फेकतो.

अँप्लिफायरच्या *आधी* जे येतं त्यावर जीव लावा. सर्क्युलेटरची ०.३ डेसिबल, मधल्या केबलची ०.३, दोन-चार कनेक्टरांची ०.१-०.१, बघता बघता १ डेसिबल झाला. १ डेसिबल म्हणजे सिग्नलचा ७९ टक्केच भाग पोहोचला, एकूण नॉइज एकवरून १.२६ फोटॉन. अॅक्सिऑनसारख्या स्कॅनमध्ये याचा वर्ग होतो : दीड पटीहून जास्त वेळ. अँप्लिफायर कितीही उत्तम असो, आधी गेलेलं तो परत आणू शकत नाही.

पितळी एसएमए कनेक्टरला ०.५६ आणि स्टीलच्या एसएमएला ०.९ न्यूटन-मीटर टॉर्क, पान्यानं, हाताच्या अंदाजानं नाही. तांब्याच्या ताटलीवर पितळी स्क्रू वापरा; पितळ तांब्यापेक्षा जास्त आकसतं, म्हणून थंडीत पकड घट्ट होते. स्टीलचा स्क्रू कमी आकसतो आणि ढिला पडतो.

पंपाची लाइन वेगळी ठेवायची का?

हो. जेपीएला चिपवर -८० ते -९० डीबीएम पुरतो. टीडब्ल्यूपीएला -६५ च्या आसपास; शेवटच्या २० डेसिबल अटेन्यूएटरमध्ये त्यासाठी ३० नॅनोवॅट जळतात, चालतं. कायनेटिक इंडक्टन्सवाल्याला -३० डीबीएम लागला तर त्याच अटेन्यूएटरमध्ये १०० मायक्रोवॅट जळतील, आणि २० मिलिकेल्विनला बहुतेक फ्रिजची क्षमता दहा-पंधरा मायक्रोवॅट असते. तिथे डायरेक्शनल कपलरनं पंप आत घेऊन उरलेली शक्ती केबलनं वरच्या ताटलीवर नेऊन जिरवा.

पंप बाहेरच्या बाजूलाही त्रास देतो. -६५ चा पंप हेम्टनंतर -२७ आणि वर ३० डेसिबलच्या अँप्लिफायरनंतर +३ डीबीएम होतो. पुढचा अँप्लिफायर त्यात कोंडतो आणि दोष टीडब्ल्यूपीएला जातो. वर पहिल्या अँप्लिफायरनंतर पंपाच्या फ्रिक्वेन्सीचा नॉच फिल्टर बसवा.

पहिल्यांदा थंड झाला. आता जेपीए ट्यून कसा करायचा?

व्हीएनएचा (टोन पाठवून परत काय येतं ते मोजणारं यंत्र) पॉवर इतका कमी ठेवा की चिपवर -१३० ते -१४० डीबीएम पोहोचेल. पंप बंद. परावर्तनाचं मॅग्निट्यूड सपाट दिसेल. बघायची ती फेज. रेझोनन्सपाशी ती ३६० अंश वळते. वळण नुसतं पुसट दिसत असेल तर पॉवर जास्त आहे, आणखी १० डेसिबल कमी करा.

आता कॉइलचा करंट उणेपासून अधिकपर्यंत हळू फिरवा आणि प्रत्येक करंटला ते वळण कुठे आहे त्याचा नकाशा काढा. कमानींची रांग दिसेल. दोन कमानींमधलं अंतर म्हणजे एक फ्लक्स क्वांटम. कमानीच्या माथ्यावर फ्रिक्वेन्सी हलत नाही, तिथे फ्लक्स पंप काम करत नाही. उतारावर, माथ्यापासून थोडं खाली, बसा. फार खाली गेलात तर उतार इतका तीव्र की कॉइलमधला मायक्रोअँपिअरचा बदलही अँप्लिफायर हलवतो.

पंप फ्रिक्वेन्सी त्या जागेच्या दुप्पट, त्यात काही शे किलोहर्ट्झ सरकवून, म्हणजे सिग्नल आणि आयडलर एकमेकांवर पडणार नाहीत. पंप पॉवर खालून वर, आधी अर्धा-अर्धा डेसिबल, गेन १० डेसिबल झाल्यावर ०.१ च्या पावलांनी. शेवटचे काही दशांश डेसिबल गेन झपाट्यानं चढवतात. २० ला थांबा. ३० काढून दाखवायचा मोह टाळा. त्या टोकाला बँडविड्थ उरत नाही आणि अँप्लिफायर स्वतःच दोलायमान होतो.

मग स्पेक्ट्रम अॅनालायझर लावा. हेम्टसाखळी वीस फोटॉनची आणि गेन २० डेसिबल असेल, तर नॉइजची पातळी पंप चालू केल्यावर ७-८ डेसिबलनं वर यायला हवी. गेनमधून ही वाढ वजा करा : २० उणे ७.७ म्हणजे १२.३ डेसिबल, ही सिग्नल-टू-नॉइजमधली खरी सुधारणा. पातळी हललीच नाही तर गेन खोटा आहे किंवा हेम्टपुढची साखळी फार वाईट आहे.

गेन २० डेसिबल दिसतोय, पण सिग्नल-टू-नॉइज सुधारत नाही. का?

टीडब्ल्यूपीए असेल तर आधी विचारा : २० डेसिबल कशाच्या तुलनेत? पंप चालू-बंद यांतला फरक गेन म्हणून लिहिला जातो. आत ४ डेसिबल घट असेल तर खरा गेन १६ च आहे. त्याच जागी साधी केबल ठेवून तुलना करणं योग्य.

दुसरं, सर्क्युलेटर उलटा बसलाय. बाण बघून लावतात, पण फ्रिजमध्ये उलटं पाहताना दिशा फसते. खोलीच्या तापमानाला व्हीएनएनं एकदा तपासा, मग बंद करा.

तिसरं, अँप्लिफायर कोंडतोय. सिग्नल १ डेसिबलनं वाढवला आणि गेन ०.२ नं उतरला तर तुम्ही कॉम्प्रेशनमध्ये आहात. -११० डीबीएमचे दहा टोन म्हणजे -१०० सरासरी, आणि सगळे एकाच वेळी शिखरावर आले की क्षणिक पॉवर दहापट. टोनच्या फेज विस्कटून ठेवा.

चौथं, चिपचं तापमान. ताटली १५ मिलिकेल्विन दाखवते, पण डबा तांब्याच्या पट्टीनं नीट बांधलेला नसेल तर चिप शंभराच्या वर असते.

नॉइज खरोखर किती, ते कसं मोजायचं?

५० ओहमचा टर्मिनेशन, त्याला चिकटवलेला हीटर आणि रुथेनियम ऑक्साइडचा थर्मामीटर, ताटलीशी मुद्दाम कमकुवत उष्ण जोडणी, आणि अँप्लिफायरपर्यंत निओबियम-टायटॅनियमची केबल. टर्मिनेशन गरम करा, बाहेरचं नॉइज मोजा.

टर्मिनेशनचं तापमान थेट सूत्रात घालू नका. २० मिलिकेल्विनला त्याचं नॉइज ०.०२ नसून निर्वातामुळे ०.१२ केल्विन असतं. १०० मिलिकेल्विनला ०.१४, ०.५ केल्विनला ०.५१. आदर्श अँप्लिफायर आणखी ०.१२ घालतो. म्हणजे गरम-थंड गुणोत्तर ०.६३ भागिले ०.२४, सुमारे २.६ पट, ४.२ डेसिबल. हेच चार केल्विनच्या साखळीनं मोजलं तर ४.५१ भागिले ४.१२, जेमतेम ०.४ डेसिबल. म्हणून नुसत्या हेम्टची मोजणी करताना टर्मिनेशन ३-४ केल्विनपर्यंत न्या, नाहीतर फरक डगमगीत हरवतो.

प्रत्येक तापमानाला थांबा, काही मिनिटं. आणि प्रत्येक पायरीला गेन पुन्हा मोजा. टर्मिनेशन तापताना अँप्लिफायरही कोमट झाला तर गेन सरकतो आणि उत्तर चुकतं. निकाल लिहिताना तो "घातलेलं नॉइज" आहे की निर्वात धरून "एकूण", आणि कोणत्या बिंदूपाशी, हे स्पष्ट लिहा. अर्ध्या आणि एक फोटॉनच्या घोळात माणसं विनाकारण भांडतात.

गेन तासाभरात सरकतो. कधी एकदम उडीच मारतो.

हळू सरकणं बहुतेक वेळा वर, खोलीत असतं : पंपाचा सोर्स आणि कॉइलचा करंट सोर्स एसीच्या झोतात आहेत का ते बघा. गेन पंपाला किती संवेदनशील आहे ते वर आलंच, ०.०५ डेसिबलचा चढउतारही दिसतो. करंट सोर्सला लो-पास फिल्टर लावा, मायक्रोवेव्ह केबलला आतून-बाहेरून डीसी ब्लॉक लावा, नाहीतर ५० हर्ट्झ आणि त्याचे गुणक गेनवर स्वार होतात. १.४ हर्ट्झची लय दिसली तर ती पल्स ट्यूबची. लवचीक केबल बांधून घ्या.

उडी म्हणजे फ्लक्स. थंड होताना चुंबकीय क्षेत्र असेल तर अतिवाहकात भोवरे अडकतात. नकाशातल्या कमानी सरकलेल्या, किंवा प्रत्येक कूलडाउनला वेगळ्या जागी. उपाय : पंप आणि कॉइल बंद, अॅल्युमिनियमची चिप १.२ केल्विनच्या वर (निओबियमची ९.२ च्या वर) न्या आणि सावकाश थंड करा. त्यात काही तास जातात, म्हणून आधीच काळजी घ्या : बाहेर क्रायोपर्मचं (चुंबकीय क्षेत्र अडवणारा मिश्रधातू) कवच, आत अॅल्युमिनियमचं, आणि सर्क्युलेटर, ज्यात स्वतःच चुंबक असतो, कवचाच्या बाहेर हातभर दूर.

एक छोटी तपासणी : छोटा निओडायमियम चुंबक शिवणाच्या दोऱ्याला बांधा आणि डब्याचा प्रत्येक स्क्रू, वॉशर, कनेक्टर त्याच्याजवळ न्या. दोरा जराही वळला तर ती वस्तू बाहेर. निकेलचा मुलामा दिलेले कनेक्टर इथेच पकडले जातात. चुंबक लावलेल्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर टेबलावरूनच हटवा, आणि तपासणीचा चुंबक चिपपासून लांब ठेवा.

चिप फ्रिजबाहेर असताना कशानं मरते?

स्थिर विजेनं, आणि मल्टिमीटरनं. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी माळव्यात हवेत ओलावा नसतोच. नायलॉनच्या कपड्यात खुर्चीवरून उठणं पुरतं. मनगटी पट्टा, ग्राउंड केलेली चटई, पोर्टवर शॉर्टिंग कॅप. मल्टिमीटर ओहमवर लावून जंक्शन कधीही "सहज" बघू नका. मोठा रोध मालिकेत घालून, मायक्रोअँपिअरच्या आतल्या करंटनं मोजा.

जंक्शन स्वतः बनवता येतात का?

इलेक्ट्रॉन-बीम लिथोग्राफी आणि दोन कोनांतून अॅल्युमिनियम बसवणारं इव्हॅपोरेटर असेल तर येतात : एक थर, नियंत्रित ऑक्सिजन, दुसऱ्या कोनातून दुसरा थर. चांगली गोष्ट अशी की थंड न करताच पारख होते. क्रिटिकल करंट आणि रोध यांचा गुणाकार अॅल्युमिनियमसाठी सुमारे २८० मायक्रोव्होल्ट. १ मायक्रोअँपिअर हवा असेल तर रोध २८० ओहमच्या आसपास. खोलीच्या तापमानाला तो थोडा कमी दिसतो. चिपवर एकाच मापाची वीस तपासणी-जंक्शनं ठेवा. त्यांच्यात पाच टक्क्यांहून जास्त विखुरणी असेल तर टीडब्ल्यूपीएच्या नादी लागू नका, जेपीए करा.

एमएस्सी करतोय, फ्रिज नाही. सुरुवात कुठून करू?

व्हीएनए धरा, कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात जुना का होईना असतो. कॅलिब्रेशन स्वतः करायला शिका. केबलची घट, कनेक्टर ढिला केल्यावर होणारा फरक, सर्क्युलेटरचं आयसोलेशन मोजून वहीत लिहा. डीबीएम ते वॅट आणि वॅट ते फोटॉन हे रूपांतर कागदाशिवाय जमायला हवं. मग व्हॅरॅक्टर डायोडचा (व्होल्टेजनं कपॅसिटन्स बदलणारा) रेझोनेटर सर्किट बोर्डावर जोडा आणि दुप्पट फ्रिक्वेन्सीनं पंप करा. शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास, शे-पाचशे रुपयांच्या सुट्या भागांत, टेबलावर पॅरामेट्रिक गेन दिसतो : पंप दशांश डेसिबलनं वाढवा आणि ती टेकडी पडद्यावर उंच आणि अरुंद होत जाताना बघा.